रिकाम्या डब्याचा टेक

सोमवार, २ नोव्हेंबर १९५९

पुन्हा फॉक्सली स्टुडिओ, पुन्हा तीन नंबरचं स्टेज, पुन्हा माझी तीच खुर्ची, एक पाय आखूड असलेली. बावीस वर्षांत कुणी तो पाय दुरुस्त केला नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. कुठल्या बाजूला कलून बसायचं ते आता अंगवळणी पडलंय.

म्युरिएल म्हणते, "दिवसभर लोकांच्या बाह्या नि बटणं लिहून तुझं भागत नाही, म्हणून घरी येऊन परत वही उघडतेस." धाकटी बहीण आहे, बोलणारच. पण दिवसभर लिहिते ते चित्रपटाचं असतं. ही वही माझी आहे.

दुपारी नवी नायिका जिल पेनफोल्ड शेजारी येऊन बसली. एकोणीस वर्षांची, सतत काहीतरी चघळत असते. "मिस प्रॉसर, तुम्ही इथे नक्की काय करता हो?"

"आज तू कप उजव्या हातात धरला होतास. याच प्रसंगाचा पुढचा शॉट तीन आठवड्यांनी घेतील, तेव्हा तू तो डाव्या हातात धरशील. मी नसले तर पडद्यावर कप आपोआप उडी मारेल."

"अगं बाई! मग मला ओरडा बसेल?"

"तुला नाही. मला."

चित्रपट साधाच आहे. समुद्रकाठच्या गावात उतारूंना खोल्या देणारी एक विधवा आणि तिचा मुलगा. मुलगा जिलच्या मागे लंडनला निघून जातो. आईचं काम इसोबेल हार्कनेस करतायत. एकूण अकरा वाक्यं आणि शेवटी, मुलगा गेल्यावर, खिडकीशी एक क्लोज-अप. बोलायचं काही नाही, नुसतं बाहेर बघायचं.

इसोबेलबाई बसने आल्या. फाटकावरच्या माणसाने नाव विचारलं, मग ते नीट ऐकू आलं नाही म्हणून परत विचारलं. आत येऊन मला म्हणाल्या, "छत्तीस साली याच फाटकावर माझ्या गाडीला सलाम ठोकायचे गं. तो सलाम गाडीलाच होता, हे आज कळलं."

बुधवार, ४ नोव्हेंबर

दृश्य ८८, म्हणजे तो खिडकीचाच प्रसंग, आज अर्धा झाला. लांबचा शॉट झाला, कमरेपर्यंतचा झाला. तपकिरी झगा, पट्टा तिसऱ्या भोकात. डावा हात खिडकीच्या पडद्यावर, बोटात लग्नाची अंगठी. क्लोज-अपची तयारी चालू असतानाच बाहेरचं धुकं दारांच्या फटींतून स्टेजवर शिरलं. दिव्यांचे झोत दिसायला लागले.

"शॉट काढता येईल," वॉल्टर ट्रिंडर म्हणाला, "पण खोलीला आग लागलीय आणि बाई निवांत उभी आहे, असं दिसेल." वॉल्टर आमचा कॅमेरामन. दिग्दर्शक लोमॅक्स बत्तीस वर्षांचे आहेत, त्यांना अशा विनोदांवर हसावं की नाही ते कळत नाही. त्यांनी क्लोज-अप शेवटच्या आठवड्यावर ढकलला.

मला वाटलं इसोबेलबाई चिडतील. पण खुर्चीत बसून बूट काढत म्हणाल्या, "थांबू की. याच एका शॉटसाठी तर आलेय. नऊ वर्षं गावोगावच्या नाटकांत मावश्या केल्या. आत यायचं, ट्रे ठेवायचा, बाहेर जायचं. माझा चेहरा कुणी मागितलाच नाही. हा एक मिळू दे, मग माझं काही म्हणणं नाही."

वॉल्टरच्या गळ्यात आज राखाडी मफलर होता. डाव्या टोकाची वीण उसवलीय. हे मी इथे कशाला लिहिलं कोण जाणे. सवय.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

टेकच्या मध्यात इसोबेलबाईंची अंगठी सुटून सुपाच्या बशीत पडली. सगळे हसले, त्याही हसल्या. मी अंगठीला आतून दोरा गुंडाळून दिला. सात वेढे द्यावे लागले. लिहून ठेवलंय, कारण अंगठी आता बोटावर जरा वर बसते.

दोन वाजता त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. गेल्या गुरुवारीही गेल्या होत्या. या वयात इतके दात शिल्लक असणं हेच मोठं नवल.

बुधवार, १८ नोव्हेंबर

आज चढलाच मला राग. तपकिरी झग्याचा पट्टा पाचव्या भोकात! तिसऱ्याचा पाचवा झाला आणि मला कुणी सांगायची तसदी घेतली नाही. कपडेपटात जाऊन मिसेस टुलींना विचारलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या एकेक काढून मग बोलल्या, "मिस प्रॉसर, मी अंगावर जेवढं असतं तेवढ्यावर शिवते. दोनदा आत घेतलाय. परत घ्यावा लागेल."

"अहो, पण का?"

त्यांनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

मला का ते ठाऊक आहे. जिल दिवसभर अर्धं मोसंबं खाऊन राहते आणि सेटवरच्या सगळ्या बायकांना तेच खूळ लागलंय. कागदावर पंचेचाळीस आणि खऱ्या एकोणपन्नास वर्षांच्या बाईने एका पोरीशी बरोबरी करावी, याला काय म्हणायचं! म्हातारपणाची हौस दांडगी.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

शेवटी तोंडावरच बोलले. "बाई, बारीक व्हायचं ते शूटिंग संपल्यावर व्हा. माझे शॉट जुळत नाहीत."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की खोकला लागला. "वॉल्टर, ऐकलंस का? जन्मभर सगळ्यांनी मला खाऊ नको म्हणून सांगितलं. ही पहिलीच, जाडी हो म्हणणारी!"

वॉल्टर हसला नाही. तो दिव्याचं काहीतरी करत होता. हल्ली त्यांच्यासाठी तो एक दिवा खूप खाली, गालाच्या पातळीवर लावतो. पूर्वी कधी लावत नसे. मी विचारलं, तर म्हणाला, "बल्ब जुने झालेत."

जेवणाच्या सुट्टीत इसोबेलबाई ताट घेऊन मुद्दाम माझ्या समोर बसल्या. मांस भरून भाजलेली अख्खी पोर्क पाय, बटाटे, वर कस्टर्ड. "लिही, लिही. हार्कनेसने सगळं संपवलं." आणि खरंच संपवलं. नंतर अर्धा तास स्वच्छतागृहातून बाहेर आल्या नाहीत. आमच्या कॅन्टीनचं अन्नच तसं आहे, मीही घरून सँडविच नेते.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आज एकही शॉट झाला नाही. सुतारांनी जिना उलट्या बाजूला बांधला होता. दिवसभर ठोकाठोक आणि आम्ही खुर्च्यांवर. इसोबेलबाईंनी मला त्यांच्या शेजारी बोलावलं. बोलायची लहर होती.

त्यांचं खरं नाव एल्सी क्लेग. बर्नलीची. चौदाव्या वर्षी कापडाच्या गिरणीत लागल्या. "चार माग एकटी सांभाळायचे. आवाज असा की शेजारची बाई किंचाळली तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओठ वाचायचो. कोण कुणाबरोबर पळाली, कुणाच्या घरी पोर होणार, सगळं गिरणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाज न करता."

"मग गुपित कसं राखायचं?"

"नाहीच राखायचं. मुकादमाला मात्र काही कळायचं नाही, बिचारा. आणि माग कुठला बिघडला तेही कानाने कळायचं. धागा संपला नि माग नुसताच चालत राहिला की आवाज बदलतो. पाठ असली तरी ओळखायचे."

सतराव्या वर्षी ब्लॅकपूलला सौंदर्यस्पर्धा जिंकल्या. मूकपटात घेतलं, कारण आवाज न करता बोलायला त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. मग बोलपट आले आणि बर्नलीची बोली घालवायला आठ महिने दातांत पेन्सिल धरून बोलावं लागलं. "शिक्षिका म्हणायची, तोंड उघडलंस की धुराडं दिसतं." मग दहा वर्षं नुसतं नाव, नाव, नाव. अमेरिकेलाही नेलं. "दोन वर्षं पोहण्याच्या तलावाकाठी बसवून ठेवलं. एक चित्रपट नाही. मला तर पोहताही येत नव्हतं." लढाईत शिपायांच्या पेट्यांमध्ये यांचेच फोटो. दोन नवरे. पहिला उत्तर आफ्रिकेत गेला, दुसरा एका बावीस वर्षांच्या पोरीबरोबर गेला. "पहिला परत आला नाही याचं वाईट वाटलं. दुसरा आला तेव्हा वाटलं."

मी विचारलं, ते एका डोळ्याने रडणं खरंच जमायचं का? त्या काळी सगळे त्याबद्दल बोलायचे.

"जमायचं म्हणजे? तेव्हाही वॉल्टरच कॅमेऱ्यावर, त्याचा दिवा डावीकडे असायचा. उजवा डोळा सावलीत. जो दिसणार नाही तो कशाला खर्चायचा? डावा त्यांना दिला, उजवा माझ्याकडे ठेवला."

"मग उजवा कधी रडला?"

"अजून तरी नाही." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाल्या, "दमले गं. उगीच बोलत बसले."

बाई बोलते छान. हात मात्र बर्फासारखे. स्टेजवर थंडी फार आहे, मी तक्रार लिहून दिलीय.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

आज रोजच्या अहवालात लिहावंच लागलं. मन धजत नव्हतं. पण पुढे संकलनाच्या कात्रीवाल्यांनी विचारलं, "मिस प्रॉसर झोपल्या होत्या का?" तर काय सांगू? बावीस वर्षांत एक ओळ खोटी लिहिली नाही की एक गाळली नाही. एवढीच तर माझी पुंजी.

लिहिलं ते असं: "दृश्य ८८. मिस हार्कनेस यांचा चेहरा ४ नोव्हेंबरच्या शॉटपेक्षा बराच उतरला आहे. क्लोज-अप आधीच्या शॉटशी जुळणार नाही."

मला वाटलं, वाचून ते मेकअपवाल्याला काहीतरी करायला सांगतील.

बुधवार, २ डिसेंबर

लोमॅक्सनी मला बाजूला बोलावलं. सुतारांची ठोकाठोक चालू होती, ओरडूनच बोलावं लागत होतं.

"मिस प्रॉसर, तुमची टीप वाचली. चोख काम. जुळतच नसेल तर तो क्लोज-अप घेण्यात अर्थ नाही. शेवट आगगाडीतल्या जिलवर करू. निर्मातेही खूश आहेत, त्यांना नाहीतरी जिलच हवी होती."

"मी शॉट काढून टाका असं लिहिलं नव्हतं."

"तुम्ही जुळत नाही असं लिहिलंत. मग वेगळं काय झालं?"

"बाईंना कोण सांगणार?"

"सांगायचं कशाला? उद्याच्या कामाच्या कागदावर नाव आलं नाही की आपोआप कळतं. सगळ्यांना असंच कळतं."

तेही खरंच. आमच्याकडे रीतच ती. वाईट बातमी कुणी कुणाला सांगत नाही. टंकलेखनातून एक ओळ कमी होते, बस.

इसोबेलबाई स्टेजच्या पार पलीकडच्या टोकाला शाल पांघरून बसल्या होत्या आणि आमच्याकडेच बघत होत्या. पण त्या गोंगाटात त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी हात हलवला, हसल्यासुद्धा.

थोड्या वेळाने माझ्याजवळ आल्या आणि हातात एक टॉफी ठेवली. "तोंड का पाडलंयस? चोख काम करणाऱ्या माणसाने असं तोंड करू नये."

मी टॉफी खिशात टाकली. काही माहीत नसलेल्या माणसाची माया फार लागते.

सोमवार, ७ डिसेंबर

गेले पाच दिवस झोप नाही. आज कॅमेऱ्यामागे वॉल्टरला सगळं सांगितलं. टीप माझी, शॉट माझ्यामुळे गेला.

तो मफलरच्या उसवलेल्या टोकाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तू तुझं काम केलंस."

काहीतरी वाईट केलं असलं की लोक हेच म्हणतात.

"थोडीशी फिल्म मिळाली तर?" मी म्हटलं. "तू काढ. चित्रपटात लावोत न लावोत."

"मागितली. एक फूट देत नाहीत. उरलेली शुक्रवारी दुपारीच परत जाणार." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रिकामा डबा लावू."

कॅमेऱ्याच्या डोक्यावर फिल्मचा डबा असतो, तो रिकामाच लावायचा आणि कॅमेरा चालवायचा. पैसे घालणाऱ्या कुणा शेटजीची मैत्रीण सेटवर आली आणि मलाही घ्या म्हणून हटून बसली की मंडळी हे करतात. दिवे, पाटी, "ॲक्शन", सगळं खरं. ती खूश होऊन जाते आणि मागून सगळे हसतात. मी दर वेळी उठून चहा प्यायला गेलेय, कारण तिथे बसले तर मला शॉटच्या नोंदींचा तक्ता भरावा लागेल आणि खोटा तक्ता मी भरत नाही.

"वॉल्टर, अरे ती काय शेटजीची मैत्रीण आहे?"

"नाही. म्हणून तर तुला विचारतोय. तू शॉटची वेळ मोजायला घड्याळ घेऊन बसली नाहीस तर तिला लगेच कळेल. हिल्डा प्रॉसर खुर्चीत आहे म्हणजे शॉट खरा, असं सगळा स्टुडिओ मानतो."

स्टेज रिकामं होतं, फक्त इसोबेलबाई लांब जिन्याच्या पायरीवर बसून विणत होत्या. वॉल्टरने त्यांच्याकडे इतक्या वेळ पाहिलं की मी माझे कागद आवरायला घेतले.

मी हो म्हटलं. माझ्या हातून गेलं होतं, माझ्याच खोटेपणाने थोडं भरून निघालं तर निघो. आणि वॉल्टरने काही मागितलं असं आजवर कधी झालंच नव्हतं.

लोमॅक्स म्हणाले, "फिल्म लागणार नसेल तर तुमचा वेळ आहे, तुम्ही जाणा."

शुक्रवार, ११ डिसेंबर

शेवटचा दिवस. सहाला दहा कमी असताना शिटी झाली. त्यानंतर एक मिनिट जरी थांबायचं असेल तर युनियनचा माणूस सगळ्यांना विचारतो आणि हात वर करून मत घेतात. आमचा माणूस सिड हॅलोरन, दिवेवाला. गेल्या वर्षी एका बड्या दिग्दर्शकाने पाच मिनिटं मागितली होती, तर सिडने त्याच्या तोंडावर दिवे बंद केले होते.

सिड पेटीवर चढला. "पंधरा मिनिटं हवीयत. मिस हार्कनेसच्या क्लोज-अपला. ओव्हरटाइम मिळणार नाही. कोण थांबतं?"

एकेचाळीस माणसं होती, एकेचाळीस हात वर झाले. डबा रिकामा आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. जिलनेसुद्धा हात वर केला. कलाकारांना मत नसतं, तरीही केला, आणि आज ती काही चघळत नव्हती.

मिसेस टुलींनी तपकिरी झगा पाठीमागून टाचण्यांनी ओढून समोरून नीट बसवला होता. वॉल्टर स्वतः कॅमेऱ्याला डोळा लावून बसला. पाटीवर लिहिलं, दृश्य ८८, टेक १. मी घड्याळ धरलं.

कॅमेरा सुरू झाला. इसोबेलबाईंनी मान जराशी कलती केली, काहीतरी ऐकल्यासारखी, आणि किंचित हसल्या. भूमिकेत शिरत असाव्यात. मग खिडकीकडे वळल्या.

एक मिनिट बावन्न सेकंद. त्याबद्दल आज याहून जास्त लिहवत नाही. वॉल्टरने "कट" म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही. शेवटी त्यांनीच म्हटलं, "झालं, पोरांनो. घरी जा." मग टाळ्या वाजल्या. शेटजींच्या मैत्रिणींसाठी वाजतात तशा नव्हेत.

बस थांब्यापर्यंत मी त्यांची पिशवी धरली. शंभर पावलं, त्यात तीनदा थांबल्या.

"चांगला झाला का गं?"

"उत्तम."

"माग रिकामा असला तरी हात सवयीने चालतात." दमल्यामुळे काहीतरी बडबडत होत्या. मग म्हणाल्या, "तू कधी खोटं लिहीत नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग लिहून ठेव. वेळ मिळेल तेव्हा."

बस आली. कंडक्टरने त्यांना वर चढायला हात दिला. तो चाळिशीचा असेल. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय," तो म्हणाला. "माझ्या तोंडवळ्याच्या खूप आहेत, बाळा," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

तक्ता मी कोराच ठेवला. खोटं लिहिण्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९६०

वर्तमानपत्रात आतल्या पानावर पाच ओळी. इसोबेल हार्कनेस, चित्रपट अभिनेत्री, वय ४५, दीर्घ आजारानंतर निधन. आजार वर्षभराचा होता म्हणे. दर गुरुवारी उपचार.

दर गुरुवारी.

म्युरिएलने चहा ठेवला, तो तसाच थंड झाला. मी कपाटातून माझे जुने तक्ते काढले आणि ही वही चाळली. ४ नोव्हेंबर, पट्टा तिसऱ्या भोकात. १२ नोव्हेंबर, अंगठीला दोऱ्याचे सात वेढे. १८ नोव्हेंबर, पाचवं भोक. हात थंड. पोर्क पाय संपवली आणि मग अर्धा तास. सगळं माझ्या अक्षरात, सुवाच्य, तारीखवार. डॉक्टरलासुद्धा इतकं नीट लिहिता आलं नसतं. आणि मी त्या बाईला म्हटलं होतं, बारीक व्हायचं ते नंतर व्हा.

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवरून वॉल्टरला फोन केला. "तुला माहीत होतं?"

"लेन्समधून दिसतं, हिल्डा. दर आठवड्याला दिवा थोडा खाली घ्यावा लागायचा."

"मला सांगायचंस."

"तू माझ्यापेक्षा जास्त लिहून ठेवलं होतंस. मला वाटलं, तुला ठाऊक आहे आणि तू कामापुढे कुणाचं चालू देत नाहीस." मग म्हणाला, "डब्याचंही तिला माहीत होतं. आपण बोललो ना त्या सोमवारी, तिने पायरीवरून आपल्या ओठांवरचं सगळं वाचलं. लोमॅक्सचं बोलणंही आधीच वाचलं होतं. मी घरी निघालो तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाली, ओशाळू नकोस वॉल्टर, डबा रिकामाच असू दे. कुणाला दाखवायचा नसेल तर मी नीट करीन."

ठोकाठोक चालली होती म्हणून तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, असं मीच लिहिलंय. आठ दिवस आधी तिने मला गिरणीची गोष्ट सांगितली होती, तीही मीच लिहिलीय. हातात टॉफी ठेवली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं.

"मग तिने तो शॉट कुणासाठी दिला?" मी विचारलं.

"मी कॅमेऱ्याला डोळा लावून होतो. तू घड्याळ घेऊन होतीस." आणि लगेच पुढे म्हणाला, "दोघांसाठी म्हणायचं."

फोनचा वेळ संपत आला होता. मी म्हटलं, "वॉल्टर, तो मफलर घेऊन ये रविवारी. टोक शिवून देते." तो म्हणाला, येतो.

चित्रपट एप्रिलमध्ये लागेल. शेवटी जिल आगगाडीत बसलेली आहे. छान दिसते.

घरी येऊन कोरा तक्ता काढला. तिने सांगितलं होतं, वेळ मिळेल तेव्हा लिहून ठेव.

दृश्य ८८. टेक १. कलाकार: एल्सी क्लेग.

वेळ: एक मिनिट बावन्न सेकंद.

वेश: तपकिरी झगा, पाठीला अकरा टाचण्या. पट्टा सातव्या भोकात, ते भोक नवीन पाडलेलं.

डावा हात पडद्यावर, ४ नोव्हेंबरला होता त्याच जागी. तिला सांगावं लागलं नाही. अंगठी दोऱ्यासकट.

सुरुवातीला मान उजवीकडे कलती, कॅमेऱ्याचा आवाज ऐकते. हसते. खिडकीकडे वळते. बाहेर रंगवलेला समुद्र. सदतिसाव्या सेकंदाला ओठ हलतात, आवाज नाही. काय म्हटलं ते मला वाचता येत नाही. एक मिनिट चार सेकंदांनी समुद्र सोडून कॅमेऱ्याकडे बघते.

अश्रू: आधी उजव्या डोळ्यात. मग डाव्या.

फिल्म: नाही.

शेरा: जुळतो.